आजारातून उठलेलं बाळ अंगावर पीत नाही? दूध टिकवण्यापासून सवय लागेपर्यंत काय करावं

जन्मल्याबरोबर बाळाला अतिदक्षता विभागात न्यावं लागलं, की घरच्यांचं सगळं लक्ष त्याच्या घरी येण्याकडे लागतं. बाळ घरी येतं. पण छातीला लावलं की रडतं, तोंड फिरवतं, नाहीतर दोन घोट घेऊन झोपी जातं. मग ‘हिला दूधच नाही’ असा निकाल लागतो आणि बाटली घरात येते. बहुतेक वेळा हा निकाल घाईचा असतो.

धडधाकट बाळ अंगावर पितं तेव्हा एकाच वेळी तीन कामं होतात. त्याचं पोट भरतं, आईच्या दुधाला मागणी मिळते आणि बाळाचा ओढण्याचा सराव होतो. आजारपणात ही तिन्ही कामं एकमेकांपासून तुटतात. काही काळ ती वेगवेगळी करावी लागतात आणि मग हळूहळू पुन्हा एकत्र आणावी लागतात.

बाळ का ओढत नाही?

ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या गर्भावस्थेच्या सुमारास बसायला लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला नळीने दूध द्यावं लागतं. पूर्ण दिवसांचं बाळही जंतुसंसर्ग, कावीळ किंवा जन्मताना गुदमरल्यामुळे सुस्तावतं आणि लवकर दमतं. त्यातच बाटलीतून दूध आपोआप येतं. छातीवर मात्र पान्हा फुटेपर्यंत धीर धरावा लागतो. बाळाचं तोंड फिरवणं म्हणजे आईला नाकारणं नव्हे. त्याला ते काम अजून जमत नसतं, एवढंच.

दूध आटू द्यायचं नाही

जेवढं दूध बाहेर निघतं, तेवढं नवं तयार होतं. म्हणून बाळ पेटीत असलं तरी बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला सुरुवात करावी. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा काढावं आणि रात्रीची वेळ सहसा चुकवू नये, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. सुरुवातीला चमचाभरच चीक निघतो. तो कमी वाटला तरी टाकायचा नाही. संसर्गाशी लढणारे घटक त्यात भरपूर असतात. दूध यायला लागल्यावर पंप वापरता येतो.

पान्हा फुटण्यात ऑक्सिटोसिनचा वाटा असतो. भीती, दुखणं आणि टोमणे यांनी तो अडतो. बाळाजवळ बसून, त्याचा फोटो किंवा अंगावरचं दुपटं जवळ ठेवून दूध काढलं तर फरक पडतो.

काढलेलं दूध स्वच्छ झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवावं. घरी सावलीत ४ तासांपर्यंत ठेवता येतं, पण कडक उन्हाळ्यात इतका वेळही थांबू नये. फ्रिजमध्ये ठेवलेलं २४ तासांत संपवावं. बाळ दवाखान्यात असेल तर तिथला नियम पाळावा.

छातीशी धरणं हेही उपचारच

फक्त लंगोट आणि टोपी घातलेलं बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं धरून ठेवणं म्हणजे कांगारू पद्धत. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा इथे ती सुरू झाली. कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना जमेल तितक्या लवकर, दिवसाला ८ ते २४ तास असं धरावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते. यात बाळाला ऊब मिळते, आईला पान्हा फुटतो आणि बाळ स्वतःहून छाती हुंगायला, चाटायला लागतं. आई दमली तर बाबा किंवा आजीनेही धरायला हरकत नाही.

पुन्हा अंगावर आणताना

बाळ भुकेने रडायच्या आधी, म्हणजे हात चोखतंय, ओठ हलवतंय तेव्हाच छातीला लावावं. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली आणि बोंडशीभोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात, अशी पकड हवी. नुसती बोंडशी धरली तर आईला चिरा पडतात आणि बाळाला दूध मिळत नाही.

बाळ ओढतं पण लगेच सोडून देतं, अशा वेळी परिचारिका एक युक्ती शिकवतात. बाळ छातीला असताना बोंडशीवर चमच्याने थेंबथेंब दूध सोडायचं, किंवा बारीक नळीचं एक टोक काढलेल्या दुधाच्या वाटीत आणि दुसरं बोंडशीजवळ ठेवायचं. ओढलं की दूध येतं, हे बाळाला कळतं आणि आईच्या दुधाला मागणीही मिळते. नळीची पद्धत मात्र आधी दवाखान्यात शिकूनच घरी करावी.

उरलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा पालाडाईने पाजावं. बाटली टाळलेली बरी.

पोट भरतंय का, हे कसं ओळखावं?

पहिला आठवडा संपत आला की २४ तासांत निदान ६ वेळा लघवी व्हायला हवी. वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. त्यासाठी दर काही दिवसांनी एकाच काट्यावर वजन करावं. वरचं दूध एकदम बंद करायचं नाही. वजन वाढतंय हे पाहून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थोडं थोडं कमी करायचं.

आईचं दूध पुरत नसेल तर कमी वजनाच्या आणि आजारी बाळांसाठी दूधपेढीतलं दूध मिळतं का, हे विचारावं. देशातली पहिली दूधपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आईने खुशाल खावेत, त्यांनी तिला ताकद येते. पण दूध वाढतं ते काढण्याने आणि ओढण्याने. बाळाला मात्र मध, गुटी, पाणी काहीही चाटवू नये. दूध वाढवणारं औषधही मनाने घेऊ नये.

माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या

सीमाभागात बाळंतपण एका राज्यात आणि पुढचा मुक्काम दुसऱ्या राज्यात, हे नेहमीचंच. डिस्चार्ज कार्ड आणि वजनाच्या नोंदी बरोबर ठेवाव्यात आणि नव्या गावी पोचल्याबरोबर तिथल्या आशाताईंना कळवावं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत आशांच्या ६ गृहभेटी ठरलेल्या आहेत. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत. या दोन्ही सोयी केंद्राच्या योजनेतल्या, त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंना लागू आहेत.

आईला सतत रडू येत असेल, झोप लागत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

लगेच दवाखाना गाठावा

बाळ अजिबात पीत नसेल, उठवूनही जागं होत नसेल, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील, अंग तापलेलं किंवा गार पडलेलं असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर अंगावर पाजण्याचे प्रयोग तिथेच थांबवावेत.

सवय लागायला कुणाला चार दिवस लागतात, कुणाला काही आठवडे. काही बाळं शेवटपर्यंत थोडं अंगावर आणि थोडं वाटीने पितात. अशा वेळी आईचं जेवढं दूध पोटात जातं, तेवढं बाळाच्या कामी येतंच.