दोन नगरांमधील अंतर

पुणे व नाशिक या दोन नगरांमध्ये अंतर किती, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. पक्षी सरळ उडत गेला, तर त्याला सुमारे 165 किलोमीटर जावे लागेल. मोटाररस्त्याने हेच अंतर सुमारे 210 किलोमीटर भरते. कल्याणमार्गे आगगाडीने जाणारा उतारू तर बोरघाटाने कोकणात उतरतो आणि थळघाटाने पुन्हा देशावर चढतो. त्याचा प्रवास 270 किलोमीटरांच्या आसपास जातो. नगरे तीच, परंतु अंतरे तीन.

याचे कारण भूमीच्या रचनेत आहे. नाशिकची वाट उत्तरेस जाते. नद्या व सह्याद्रीचे फाटे मात्र पूर्वेकडे धावतात. म्हणून मुळा, इंद्रायणी, भामा, भीमा, घोड, मीना, कुकडी, पुढे दुसरी एक मुळा आणि प्रवरा अशा नद्या या वाटेला एकीमागून एक आडव्या येतात. पूल होण्यापूर्वी येथील अंतर कोसांपेक्षा नदीच्या उतारांवरच अधिक अवलंबून असे.

याच वाटेवर, इंद्रायणी व भामा यांच्या दरम्यान, चाकण आहे. पुण्यापासून ते सरळ रेषेत सुमारे 26 किलोमीटर, तर रस्त्याने 30 च्या वर आहे. तेथील संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला. 1660 च्या मे महिन्यात शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला. परंतु पावसाळा तोंडावर आला होता, आणि नद्यांना पूर आल्यावर रसद येणार कशी, ही चिंता त्यास पडली. चाकण अहमदनगरच्या मोगली मुलखास अधिक जवळचे. ते हाती असावे असे त्याने ठरविले. 19 जून रोजी तो पुण्याहून निघाला व 21 जून रोजी चाकणपाशी पोहोचला.

पुणे ते चाकण ही वाट अशी तीन दिवसांत सरली. परंतु छावणीपासून बुरुजापर्यंतची थोडकी जमीन तुटण्यास त्यास 54 दिवस लागले. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा दाद देईना. अखेर भुयार खणीत मोगल ईशान्येकडील बुरुजाखाली पोहोचले आणि 14 ऑगस्ट रोजी सुरुंगाने तो उडाला. आतील शिबंदी तरीही रात्रभर झुंजली. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. मोगलांचे 268 लोक ठार व 600 जखमी झाले.

फिरंगोजीस मदत का आली नाही? वेढा पडला तेव्हा शिवाजी महाराज स्वतःच पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. जुलैच्या मध्यास ते तेथून निसटून विशाळगडास पोहोचले. चाकणपासून पन्हाळा सरळ रेषेत सुमारे 215 किलोमीटर. आकाशमार्गे हे अंतर आज तासाभराचेही नाही. परंतु त्या पावसाळ्यात मध्ये भरलेल्या नद्या होत्या, आणि दोन्ही बाजूंस शत्रूची मोठी सैन्ये होती. चाकणच्या तटावरील माणसांना हे अंतर त्या 54 दिवसांत ओलांडता येण्याजोगे नव्हते.

आज त्या गढीच्या आसपास मोटारींचे कारखाने उभे आहेत. नद्यांवर पूल आहेत, रस्ता रुंद आहे. तरीही मालमोटारींच्या रांगांत अडकलेला प्रवासी नाशिक किती किलोमीटर राहिले असे विचारीत नाही. किती वेळ लागेल, एवढेच विचारतो. आणि खानाच्या स्वारांनाही बहुधा तोच प्रश्न पडला असेल.