गुण्या, ओळंबा आणि मामांचा कोट

पेठांमधल्या जुन्या माणसांच्या लेखी कॅम्प हा पुण्याचा भाग नव्हताच. 'कॅम्पात जाऊन आलो' हे वाक्य ते परगावी जाऊन आल्याच्या सुरात म्हणायचे, आणि ते फारसं चूक नव्हतं. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी छावणी वाढवली. तिच्या आसऱ्याने गुजराती बोलणारे पारशी आले, घरात अरबी बोलणारे बगदादी ज्यू आले, गोव्याचे खानसामे आले, पलटणींमागून तमिळ-तेलुगू बोलणारे व्यापारी आणि कामगार आले. पेठांच्या पूर्वेला एक लहानसा बहुभाषिक देशच वसला म्हणा. त्या देशात फ्रीमेसनांचं एक सभागृह होतं आणि त्याबद्दल सगळ्या भाषांचं एकमत होतं: आत भुतं बोलावतात. उत्तर हिंदुस्थानात अशा इमारतींना जादूघर म्हणत. फारसी जाणणारे त्यांना फरामोशखाना म्हणत.

माझ्या आजीचे मामा तिथे जायचे. ते लष्करी हिशेब खात्यात होते, राहायला नारायण पेठेत. महिन्यातून एका संध्याकाळी काळा कोट घालून, काखेत एक चपटी पेटी घेऊन निघायचे आणि रात्री उशिरा परतायचे. आजी शाळेसाठी त्यांच्याकडे राहायची. दाराची कडी काढायचं काम तिच्याकडे होतं. त्यामुळे आमच्या घरात लॉजचा जो काही इतिहास आला, तो कडी काढणाऱ्या मुलीच्या नजरेतून.

पेटीत काय होतं हे मामांनी तिला स्वतःच दाखवलं होतं. कोकराच्या पांढऱ्या कातड्याचं एप्रन. त्यावरच्या खुणा तिने ओळखल्या, कारण तेव्हा शेजारी वाड्याची भिंत चढत होती: गवंड्याचा गुण्या, ओळंबा, पाणसळ. विलायतेतल्या पाथरवटांच्या जुन्या मंडळींचा वारसा ही माणसं सांगतात, पण त्यांच्यातल्या बहुतेकांनी कधी थापी हातात धरलेली नसते. 1717 मध्ये लंडनच्या चार लॉजांनी एकत्र येऊन पहिलं ग्रँड लॉज काढलं, अशी त्यांची परंपरा. 1730 च्या सुमारास कलकत्त्यात, 1758 मध्ये मुंबईत लॉज निघालं, आणि साहेबाच्या पलटणी जातील तिथे ते पोचत गेलं. पुण्यात 'लॉज सेंट अँड्र्यू इन द ईस्ट' हे त्यांतलं जुनं नाव.

दीक्षाविधीचंही मामा बिनदिक्कत सांगायचे. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोर, एक गुडघा उघडा, दाराशी नंगी तलवार घेतलेला पहारेकरी. ऐकून आजीच्या अंगावर काटा यायचा. मामा म्हणायचे, "अगं, आमच्या मुंजीत काय वेगळं होतं? लंगोटी नेसवून उभं केलं, डोक्यावरून उपरणं घेतलं आणि कानात मंत्र सांगितला. हा जरा सुटाबुटातला प्रकार." मला हे उत्तर फार आवडतं. ते पुरतं खरं नाही, कारण मुंज जातीच्या आत घेते आणि लॉजचा निदान दावा तरी जातीच्या बाहेर नेण्याचा होता.

दावा म्हणतो, कारण तो सुखासुखी खरा झाला नाही. मुंबईच्या माणेकजी करसेटजींना, ज्यांनी पुढे 1863 मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली त्यांना, मुंबईच्या गोऱ्या लॉजांनी दाराबाहेरच ठेवलं. त्यांनी पॅरिसमध्ये जाऊन दीक्षा घेतली. बंधुत्वाची शपथ घेतलेला माणूस परत आला तरी दार उघडेना, तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश शल्यवैद्याने 1843 मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे हिंदी लोकांना घेणारं लॉज काढलं. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना वर्षानुवर्षं झगडून 1872 मध्ये प्रवेश मिळाला. पुढे दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता अशी मंडळी मेसन झाली आणि साहेबाशी एका पायरीवर उभं राहून बोलायची सवय काही जणांना तिथे लागली असावी. मामांची झेप तिथवर नव्हती. साहेब ऑफिसात 'बाबू' म्हणायचा आणि तिथे 'ब्रदर' म्हणायचा, एवढ्यावर ते खूश होते.

एकच गोष्ट मामा कधी सांगत नसत: सभेनंतर जेवायला काय असतं.

आता हे कळायला 1890 चं पुणं ठाऊक हवं. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये गावातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हाती घेऊन ठेवला. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी सगळ्यांची नावं 'पुणे वैभव'त छापवली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं. टिळकांनी आपण ते काशीत घेतल्याचं सांगितलं. एका कपासाठी एवढं! मामा त्या वेळी लहान होते, पण त्यांच्या आईला ते ग्रामण्य नावानिशी पाठ होतं आणि ती माऊली अजून सोवळ्यात स्वयंपाक करत होती. लाहोरच्या लॉजमध्ये दीक्षा घेतलेल्या किपलिंगने आपल्या लॉजवर कविता लिहिली. तिच्यातले नाना धर्मांचे बंधूही पंगत टाळतात, कुणाची जात बाटायला नको म्हणून. तेव्हा फ्रीमेसनांचं मोठं गुपित हस्तांदोलनात असेल असं मला वाटत नाही. निदान नारायण पेठेत तरी ते ताटात होतं.

याच शहरात 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. तिथेही शपथ होती, बेलभंडार उचलून घेतलेली. पण ती उघड्यावर घेतलेली शपथ होती आणि तिची किंमत माणसं आपापल्या गावात, आपापल्या भावकीत मोजत होती. मामांच्या बंधुत्वाला लाकडी कपाट होतं. रात्री पेटी त्यात गेली की सकाळी ते पुन्हा गंधाचा टिळा लावून बसायचे. यात ढोंग होतंच; पण पारशी, मुसलमान, ज्यू आणि इंग्रज यांच्या शेजारी जेवायला बसण्याची त्यांना ओढ होती, हेही खरं. भित्र्या माणसाला परवडेल एवढी सुधारणा त्यांनी केली.

बायकांना लॉजमध्ये घेत नसत. ॲनी बेझंट यांनी 1902 मध्ये लंडनला स्त्री-पुरुषांचं एकत्र लॉज सुरू केलं होतं, पण कॅम्पातल्या मंडळींना ते मान्य नव्हतं. 1961 मध्ये ग्रँड लॉज ऑफ इंडिया झालं. त्यांच्या वेदीवर गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहेब आणि अवेस्ता एकत्र असतात, पण सभासद अजून पुरुषच. आजीने विचारलं तेव्हा मामा म्हणाले होते, "बायकांच्या पोटात काही राहत नाही, बाळ."

आजी हे सांगताना मनापासून हसायची. कारण मामींना एकदा कोट झटकताना खिशात छापील कार्ड सापडलं होतं. मामींना इंग्रजी येत नव्हतं. हुजूरपागेत शिकणाऱ्या भाचीला त्यांनी माजघरात बोलावून ते वाचायला लावलं. सूप, तळलेली मासळी, मटण कटलेट, पुडिंग. मामींनी कटलेट कशाचं असतं ते दोनदा विचारून घेतलं, कार्ड चुलीत घातलं, आणि सासूबाईंना जाऊन सांगितलं की ह्यांना रात्री कॅम्पात फळं आणि दूध देतात, तेव्हा त्यांच्यासाठी पान वाढून ठेवू नये.