सहावा रुग्ण

आमच्या क्रमिक पुस्तकात अमेरिका लिंकनपाशी संपायची. गुलामी गेली, परीक्षेपुरतं झालं! निवृत्तीनंतर पुढचं वाचू लागलो, त्यातलं हे एक. विषय घरात बोलण्यासारखा नाही असं काही नातेवाईक म्हणतील. म्हणोत.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच समलिंगी तरुणांची हकिगत छापून आली. पाचांनाही एक दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता. एड्सची ही पहिली नोंद. पाचही जण गोरे होते. डॉ. मायकेल गॉटलिब यांचा सहावा रुग्ण कृष्णवर्णीय समलिंगी होता, पण तो त्या अहवालात नव्हता. लोकांच्या मनात चित्र बसलं ते गोऱ्या समलिंगींचंच.

काळा समलिंगी माणूस मधल्यामध्ये राहिला. आपल्या वस्तीत बोलायची चोरी, आणि गोऱ्यांच्या चळवळीत उपरा. 'इन द लाइफ' हा अशा लेखकांचा संग्रह संपादित करणारे जोसेफ बीम १९८८ साली गेले, वय ३३. 'टंग्ज अनटाइड' हा चित्रपट करणारे मार्लन रिग्ज १९९४ साली, वय ३७.

१९९६ च्या सुमारास एकत्रित औषधोपचार आले, मृत्यू झपाट्याने घटले. तरी २०१६ साली सीडीसीने हिशेब मांडला: लागणीचं प्रमाण असंच राहिलं तर समलिंगी व उभयलैंगिक पुरुषांत काळ्यांपैकी दोघांत एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्ही होईल, गोऱ्यांत अकरांत एकाला.

'मग त्यांचं वागणंच तसं असणार,' हे आपल्याही तोंडी चटकन येतं. ग्रेगोरिओ मिलेट या संशोधकाने अनेक पाहण्या एकत्र तपासल्या. २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की काळ्या समलिंगींचं वागणं गोऱ्यांपेक्षा जास्त धोक्याचं नाही. फरक विम्यात, उत्पन्नात आणि उपचारात होता. औषध नियमित मिळालं की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की जोडीदाराला लागण होत नाही. ते मिळालं नाही की तोच माणूस नकळत दुसऱ्याला देतो. त्यातून जोडीदार बहुधा आपल्याच छोट्या समाजातले, त्यामुळे तितक्याच सावध माणसाचा धोका कितीतरी वाढतो.

दवाखान्यावर विश्वास नाही, असंही म्हणतात. त्याला कारण आहे. अलाबामात टस्कीगीला १९३२ पासून ३९९ काळ्या पुरुषांचा सिफिलिस सरकारी डॉक्टर नुसता 'पाहत' होते. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. १९७२ साली हे उघडकीला आलं. (त्याच वर्षी ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली!) पण सगळं खापर अविश्वासावर फोडणं मला पटत नाही. दक्षिणेतल्या कित्येक राज्यांनी गरिबांच्या सरकारी विम्याचा विस्तार नाकारला, तिथे विश्वास ठेवूनही औषधाचे पैसे कोण देणार?

२०१२ साली लागण टाळणाऱ्या गोळीला मान्यता मिळाली. गरज सर्वांत जास्त काळ्यांना होती, आणि गरजेच्या मानाने ती जास्त पोचली गोऱ्यांकडे.