काचेवर थांबलेलं पाणी

मंडळी, अर्धापुरात पाण्यावर बोलायचं तर केळीपासूनच सुरुवात करावी लागते. इथल्या बागांना येणारं कालव्याचं पाणी इसापूर धरणाचं, म्हणजे पैनगंगेचं. तीच नदी पुढे सहस्रकुंडाला कड्यावरून कोसळते आणि पावसाळ्यात आपल्यातलेच कितीतरी जण मोबाइल घेऊन तिथे उभे असतात. कालव्याचा फोटो सहसा कुणी काढत नाही. पडणारं, उसळणारं, रंग बदलणारं पाणीच कॅमेऱ्याला भुलवतं. ही भुरळ फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. आपल्याला इतिहास वाचायचा आहे, म्हणून आपला प्रश्न जरा वेगळा: जुन्या फोटोतलं पाणी कितपत खरं मानायचं?

१८५१ साली ओल्या कोलोडियनची पद्धत आली. काचेवर चिकट द्रव पसरायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. आपल्याकडच्या उन्हात ती किती लवकर सुकत असेल, बघा! म्हणजे फोटो पाण्याचा असो वा नसो, फोटोग्राफरला मुक्कामाला पाणी लागायचंच. मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याला आला तो लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला. अजिंठा तेव्हा आपल्यासारखाच निजामाच्या मुलखात. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला, आणि त्याच्या फोटोंचं पुस्तक १८६४ मध्ये लंडनला निघालं. देवळं, लेणी, दगड ही त्या काचेची आवडती गिऱ्हाइकं, कारण ती हलत नाहीत.

पाणी हलतं. मोठ्या काचेला काही सेकंद उजेड द्यावा लागे, तेवढ्यात नदी कितीतरी पुढे गेलेली असे. मग धबधब्याचं दूध होई आणि प्रवाहाचं धुकं. कुंड, बारव, तलाव मात्र आरशासारखे स्वच्छ उतरत. त्या काळच्या फोटोंत संथ पाणीच जास्त दिसतं, ते यामुळेही. त्यावरून आपल्या नद्या तेव्हा शांत होत्या असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो नदीबद्दल नव्हे, काचेबद्दल बोलतोय!

रंगाचं त्याहून अवघड. त्या काचेला निळा रंग फार लवकर दिसायचा, तांबडा-पिवळा जवळजवळ नाहीच. फ्रान्सचा गुस्ताव ल ग्रे १८५७ च्या सुमारास समुद्राच्या लाटा टिपायला लागला, तेव्हा लाटा नीट याव्यात तर आभाळ पांढरं फटक पडायचं. त्याने काही चित्रांत समुद्राची एक काच आणि आभाळाची दुसरी जोडून एक चित्र केलं. आता याच काचेसमोर नांदेडच्या घाटावरची श्रावणातली गोदावरी ठेवा. गढूळ, तांबूस पाणी काळपट आलं असतं आणि वरचे ढग पुसलेच गेले असते.

१८८० नंतर कोरड्या काचा आल्या, वेग वाढला. लाला दीनदयाळ निजामाचे फोटोग्राफर झाले ते याच दशकात. १९३५ मध्ये कोडाक्रोम फिल्म आली. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टनने १९५७ मध्ये दुधाचा थेंब पडताना उठलेला मुकुट विजेच्या झगमगाटात थांबवून दाखवला. डोळ्याला कधीच न दिसलेला आकार तो! म्हणजे आधी कॅमेरा डोळ्याच्या मागे होता, मग पुढे गेला. डोळ्याबरोबर तो क्वचितच चालला.

आपल्या दृष्टीने मुद्दा पुराचा आहे. उद्या कुणी विचारलं, अमुक साली पाणी कुठवर आलं होतं, तर लाटांचा सुंदर फोटो काहीच सांगत नाही. सांगतात त्या घाटाच्या बुडालेल्या पायऱ्या, देवळाच्या भिंतीवरची ओल, विजेचा खांब. घरच्या अल्बममध्ये पुराचे जुने फोटो असतील तर पाण्याकडे नंतर बघा, आधी काठ शोधा. आणि यंदा सहस्रकुंडाला गेलात तर फोटोत कड्याचा एखादा ओळखीचा दगड येऊ द्या, मागे तारीखही लिहून ठेवा.