विंडोज की लिनक्स? एका निवडीचा इतिहास

घर बदलताना शहाणा माणूस आधी पाण्याची सोय पाहतो, भिंतींचा रंग मागाहून. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढे गेली तीसएक वर्षे असाच प्रश्न उभा आहे. विंडोजवरच राहायचं, की लिनक्सकडे जायचं? उत्तर शोधायचं तर थोडं मागे जायला हवं.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्यानं प्रोग्रॅम घेतला, त्याला तो उघडून पाहण्याची, दुरुस्त करण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मोकळीक हवी. त्यांच्या मंडळींनी कंपायलरसारखी बरीच हत्यारं घडवली. कार्यप्रणालीचा गाभा मात्र अपुरा राहिला. तसा गाभा १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यानं लिहिला, आणि पुढच्याच वर्षी ग्नूच्या परवान्याखाली खुला केला. मग काय, देशोदेशीचे लोक दुरुस्त्या पाठवू लागले.

विंडोजची वाट निराळी. तिची मूळ संहिता कंपनीच्या कुलपात. पण वापरायला सोपी, म्हणून ती घरोघरी आणि कचेऱ्यांत पोचली. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. परंतु इंटरनेटवरचे सर्व्हर मोठ्या प्रमाणावर लिनक्सवर चालत होते, आणि त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यांना तीच हत्यारं हवी होती. काळाची गंमत पाहा! २०१६ मध्ये त्याच कंपनीनं विंडोजच्या आत लिनक्सची हत्यारं चालवण्याची सोय केली, आणि २०१९ मध्ये तर लिनक्सचा खरा गाभाच आत घेण्याचं जाहीर केलं.

तेव्हा आज निवड करताना पहिला प्रश्न हा, की आपला प्रोग्रॅम शेवटी चालणार कुठं? सर्व्हरवर चालायचा असेल तर लिनक्स सोयीचं. विंडोजच्याच कचेरीत चालायचा असेल तर विंडोज सोडण्यात अर्थ नाही. लिनक्सला परवान्याचे पैसे सहसा पडत नाहीत, हे खरं; पण आज्ञा शिकायला वेळ पडतो, आणि नेहमीचे काही प्रोग्रॅम तिथं मिळत नाहीत.

शिक्षकांनी मात्र आणखी एक गोष्ट तोलावी. ज्याला यंत्राचं पोट उघडून पाहता येतं, तो विद्यार्थी नुसता वापरणारा राहत नाही. घडवणारा होऊ शकतो. जुनं काही न पुसता पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहता येतं. तेवढी संधी मुलांना जरूर द्यावी; निवड मग त्यांची त्यांना करू द्यावी.