बारामतीचे पारणे, १९५१

१/ ऑगस्ट १९५१, रक्षाबंधनाचा दिवस. बारामतीत चातुर्मासासाठी थांबलेल्या दिगंबर जैन आचार्य शांतिसागर महाराजांनी सुमारे तीन वर्षांनंतर धान्याचा आहार घेतला. उपवास आत्मशुद्धीसाठी असतो, असे मानले जाते. मग हा त्याग कशासाठी होता?

२/ आधी तत्त्व पाहू. जैन आचारातील सहा बाह्य तपांपैकी पहिले अनशन. सहा आभ्यंतर तपांपैकी पहिले प्रायश्चित्त. तपाने आत्म्याला चिकटलेले कर्म झडते, ही निर्जरा. म्हणूनच भाद्रपदातील दशलक्षण पर्वाचे उपवास संपले की क्षमावाणी येते. ही क्षमा ईश्वराकडे नव्हे, दुखावलेल्या जीवाकडे मागायची असते.

३/ १९४७ मध्ये मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. तो जैन मंदिरांनाही लागू होणार, असे दिसताच १९४८ मध्ये आचार्यांनी धान्य वर्ज्य केले. जैन धर्म स्वतंत्र आहे, त्याच्या मंदिरांना हा कायदा लागू नाही, अशी त्यांची भूमिका होती.

४/ वाद न्यायालयात गेला तो अकलूजच्या जैन मंदिरावरून. इंदापूर तालुक्यातील सराटीहून नीरा ओलांडली की अकलूजची वाट लागते. जुलै १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला : जैन मंदिरात जो हक्क इतर हिंदूंना नाही, तो या कायद्याने हरिजनांनाही मिळत नाही. पुढच्याच महिन्यात बारामतीत पारणे झाले.

५/ याच जिल्ह्यात, पुण्याच्या पर्णकुटीत, २९ मे १९३३ रोजी गांधीजींचा २१ दिवसांचा उपवास सुटला होता. तोही आत्मशुद्धीचाच होता. पण हरिजनकार्यासाठी, स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या शुद्धीसाठी. साधन एक, दिशा मात्र परस्परविरुद्ध.

६/ पुढे १९५६ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने ‘हिंदू’ या संज्ञेत जैनांचाही समावेश केला आणि सार्वजनिक उपासनास्थळे सर्व जातींना खुली केली.

७/ तो कायदा पाहण्यास आचार्य नव्हते. १८ सप्टेंबर १९५५ रोजी कुंथलगिरी येथे सल्लेखना व्रताने त्यांनी देह ठेवला. या व्रताच्या आरंभीही सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. ‘सर्व जीव’ म्हणताना मंदिराच्या दाराबाहेर थांबवलेला माणूस त्यात येतो की नाही, हा प्रश्न मात्र कोणत्याही निकालपत्राच्या कक्षेबाहेरचा होता.