संकट, यातना आणि ‘अँग्विश’ : ग्वाल्हेरच्या एका विधवेच्या निमित्ताने

१४ जून १८५७ हा रविवार होता. त्या रात्री ग्वाल्हेरजवळील मोरार छावणीत कंटिंजंट फौजेने उठाव केला व छावणीचे चॅप्लेन रेव्ह. जॉर्ज विल्यम कूपलंड मारले गेले. त्यांच्या पत्नी रूथ या गरोदर होत्या. इतर स्त्रियांसमवेत त्या आग्र्यास पोहोचल्या आणि तेथील किल्ल्यातच प्रसूत झाल्या. त्यांचे पुस्तक १८५९ साली लंडनला निघाले. त्यात शोक आहे, तसाच सूडाचा आवेशही आहे. या देशातील लोकांविषयीचे त्यांचे उद्गार वाचताना आपली मान खाली जाते. तरीही ते एका पाळकाच्या विधवेचे लेखन आहे, हे विसरता येत नाही.

असे दुःख सांगावयास त्या पिढीच्या इंग्रज माणसापाशी जे शब्द होते, ते पुष्कळसे १६११ च्या बायबल भाषांतराने त्याच्या कानात रुजविलेले होते. ‘अँग्विश’ हा त्यांतला प्रमुख. त्याचे लॅटिन मूळ अरुंदपणा दर्शविते : छाती आवळली जाते, वाट उरत नाही. ‘डिस्ट्रेस’च्या मुळाशीही घट्ट आवळण्याचीच क्रिया आहे. ‘ॲगनी’ मात्र वेगळा. तो ग्रीकांच्या आखाड्यातून आलेला असून नव्या करारात मूळ ग्रीक शब्द एकदाच, लूक २२:४४ मध्ये येतो. तेव्हा तेथे निव्वळ वेदना नव्हे, तर झुंज अभिप्रेत आहे. ‘एक्स्क्रूशिएटिंग’ या विशेषणात तर प्रत्यक्ष क्रूसच दडला आहे. पण दाढदुखीलाही तो शब्द लावणाऱ्याच्या ते ध्यानीमनी नसते!

आपल्या भाषेकडे वळावे तर प्रथम ‘यातना’ हा शब्द पुढे येतो. जपून वापरावा असा हा शब्द आहे. संस्कृतात त्याच्या मुळाशी परतफेडीची, सूड उगविण्याची कल्पना आहे, आणि ‘यमयातना’ म्हणताच केलेल्या पापाचे फळ भोगणारा जीव आपल्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. खाटेवरील रुग्णाला ‘तुमच्या या यातना’ असे म्हणणारा धर्मशिक्षक, योहान ९ मध्ये शिष्यांनी जन्मांध माणसाविषयी विचारलेला प्रश्न नकळत पुन्हा विचारीत असतो. ‘वेदना’ हा शब्द निर्दोष खरा, पण सौम्य. त्याचा धातू जाणण्याचा आहे. पाली ग्रंथांत तर सुखाचा अनुभवही वेदनाच ठरतो.

माझ्या मते ‘अँग्विश’चा सख्खा भाऊ म्हणजे आपला नित्याचा, गुळगुळीत झालेला ‘संकट’ हा शब्द. संस्कृतात ‘संकट’ म्हणजे अरुंद, दाटीचे. डोंगरातील चिंचोळी वाट. म्हणूनच माणूस संकटात ‘सापडतो’. स्तोत्र ११८:५ मधील मूळ इब्री शब्दाचाही अर्थ चिंचोळी जागा असाच आहे आणि त्याच वचनात देवाचे उत्तर मोकळ्या, प्रशस्त जागेच्या रूपाने येते. भाषांतरात पहिला शब्द टिकला व दुसरा फिका पडला, तर अर्धे वचन हरवते.

वल्हांडणाच्या भोजनानंतर गावयाच्या स्तोत्रांत परंपरेने हे ११८ वे स्तोत्र शेवटचे. मत्तय २६:३० प्रमाणे प्रभू व शिष्य गीत गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. ते गीत हेच असेल, तर गेथशेमानेच्या झुंजीपूर्वी काही घटका त्या चिंचोळ्या जागेचा शब्द प्रभूच्या ओठांवर होता.